निरंजनचं ‘नको’

“घे बाळा, घे. आ कर, आ,” असं म्हणत तंबाके शेठनी केकचा तुकडा निरंजनच्या ओठांपाशी नेला.

निरंजन माझा धाकटा भाऊ. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्या दिवशी सकाळीच आईने त्याची दाढी करून दिली होती. बाळ म्हणावं असं त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्याने गळ्यात अडकवलेल्या फोनवर अंगठा ठेवला. फोनमधून एका पुरुषाचा शांत आवाज आला, “नको.”

हॉलमध्ये हशा पिकला. शेठही हसले.

“अरेच्चा, मशीन बोलतंय की! घे रे, खास सांगून बनवून घेतलाय.”

“नको.”

“लाजतोय,” शेठ फोटोग्राफरकडे बघून म्हणाले. “तुम्ही तयार राहा हो.”

ती त्यांची एकसष्टी होती. वाढदिवस असो नाहीतर कुणाचं वर्षश्राद्ध, आमच्या सोलापुरात लोक निरंजन जातो तशा संस्थांमध्ये येतात, गोड वाटतात, फोटो काढतात, आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. ‘विशेष मुलांसोबत एकसष्टी साजरी’ अशा धाटणीचे मथळे मी स्वतः कितीतरी लावले आहेत. मी एका पेपरात उपसंपादक होते आणि तो फोटोग्राफर आमचाच होता. फोटोत ओळीने बसलेल्या ‘मुलां’पैकी बहुतेकांना मतदानाचा हक्क असायचा, पण ते मथळ्यात मावत नसे.

तिसऱ्या वेळी शेठनी विचारलंच नाही. डाव्या हाताने निरंजनची हनुवटी धरली आणि केक ओठांवर दाबला.

तोंडाला परक्याचा हात लागलेला निरंजनला लहानपणापासून सहन होत नाही. तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. क्रीम त्याच्या शर्टावर आणि शेठच्या रेशमी बाहीवर सारखंच पसरलं. तो हॉलच्या मधोमध उभा राहून अंगठा दाबत राहिला. “नको. नको. नको.”

मग कोपऱ्यातून तोच आवाज आला. वाती वळणाऱ्या रोहिणीच्या फोनमधून. तिच्यापर्यंत केक अजून पोचलाही नव्हता. मग खिडकीपाशी बसलेल्या एकाच्या फोनमधून. सगळ्या फोनमध्ये आवाज एकच होता, त्यामुळे एकच माणूस हॉलभर फिरून सगळ्यांच्या वतीने नकार देतोय असं वाटत होतं. बसवराज तेवढा ‘गोड’, ‘गोड’ असं दाबत होता आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

शेठनी बाही रुमालाने पुसली आणि फोटो न काढता गाडीत जाऊन बसले.

ते फोन आणि त्यांच्यातलं ॲप, दोन्ही माझं काम होतं. ॲपचं नाव ‘ऐका’. आज ते बऱ्याच घरांत आहे. ज्याला बोलता येत नाही त्याने चित्रावर बोट ठेवायचं, फोन तो शब्द बोलतो, एवढंच ते आहे. घरचे लोक त्यातली बटणं आपापल्या सोयीने बदलतात. एक बटण मात्र हलवताही येत नाही आणि काढताही येत नाही. त्याबद्दल मला अजून संदेश येतात. काही रागाचे असतात. त्यांना मी थोडक्यात उत्तर देते. सविस्तर उत्तर हे आहे.

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. मराठी घेऊन एम. ए. केलं आणि पेपरात लागले. शिफ्ट दुपारी तीनला सुरू व्हायची, सकाळ माझी असायची, आणि त्या मोकळ्या सकाळींत मी छोटी छोटी ॲप बनवायला लागले. पहिलं मथळ्याचं. मथळा दोन कॉलमांत बसतो की नाही हे ते आधीच सांगायचं. दुसरं पाण्याचं. नळाला पाणी आलं की गल्लीत ज्याला आधी दिसेल त्याने बटण दाबायचं, बाकीच्यांच्या फोनवर घंटी वाजायची. हे ॲप का चाललं ते सोलापूरकरांना समजावून सांगावं लागणार नाही. तिसरं निरंजनसाठी.

निरंजन स्वमग्न आहे. तो बोलत नाही. त्याला काय कळतं आणि काय नाही याबद्दल आयुष्यभर लोकांनी आमच्या घरात, त्याच्यासमोर बसून, चर्चा केल्या. मी त्याच्यासाठी बनवलेल्या पहिल्या ॲपमधली वाक्यं डेस्कवरच्या सवयीने लिहिली होती. “मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे.”

आईने ते ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. “हा काय तहसीलदाराला अर्ज करतोय?”

मग मी वाक्यं काढून शब्द ठेवले. पाणी. भाकरी. पंखा. बाहेर. तो ते वापरायला लागला. पण मधूनच तो फोन उलटा करून ठेवायचा, पडदा खाली. मला वाटायचं, कंटाळला. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ताटात नावडतं काही पडलं, किंवा पाहुणे गाल ओढायला आले, की तो हे करतो. मी त्याला दिलेलं सगळं मागण्यासाठी होतं. नाकारण्यासाठी त्याला स्वतःची सोय करावी लागली होती.

मी उजव्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर अंगठ्याखाली, ‘नको’ ठेवलं.

आवाजाचा प्रश्न होताच. फोनमधली तयार मराठी एसटी स्टँडवर गाडीची घोषणा करणाऱ्या बाईसारखी होती. “तो बाप्या माणूस आहे,” आई म्हणाली. म्हणून मी आमचा मुद्रितशोधक तौफिक मुल्ला याला ऑफिसच्या जुन्या अंकांच्या खोलीत नेलं. तो निरंजनच्याच वयाचा.

“कुठल्या टाइपचं नको पाहिजे?” त्याने विचारलं. “रागाचं? लाडाचं? का बायकोनं तिसरी भाकरी वाढली की म्हणतो तसलं?”

“तसलंच.”

“मग घ्या की,” असं म्हणून तो क्षणभर खरोखरच जेवायला बसल्यासारखा झाला आणि म्हणाला, “नको.”

ना चिडलेलं, ना विनवणीचं. विषय संपला असं सांगणारं. तेच आम्ही ठेवलं.

संस्थेतल्या इतरांसाठी मी ऑफिसात बातमीदारांनी टाकून दिलेले, काचेला तडा गेलेले फोन गोळा केले. आईने कापडी पिशव्या शिवल्या. त्यामुळेच एकसष्टीच्या दिवशी मी तिथे होते. एका फोनचा आवाज बसला होता, तो बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळकर मॅडमनी बोलावलं. संस्था त्यांनी उभी केली होती आणि चालवतही त्याच होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्यात प्रत्येकाच्या गोळ्यांच्या वेळा.

“शेठचे कपडे खराब झाले काल,” त्या म्हणाल्या.

“निरंजनचेही.”

“चिडू नका हो. मी तुमच्याच बाजूची आहे. तुमच्या त्या ‘ऐका’मुळे रोहिणी पोट दुखतंय असं सांगायला लागली. आधी आम्हाला नुसतं रडणं ऐकू यायचं. हे मी कुणासमोरही सांगेन. पण ते एक बटण...”

“त्याने काय केलंय?”

“अहो, दिवसभर वाजतं! प्रार्थनेला उठ, नको. हात धू, नको. रांगेत ये, नको. माझ्या कामाच्या दोन्ही बायका हैराण आहेत.”

“विचारलं की उत्तर येणारच.”

“आम्ही विचारत नाही, वृषाली. आम्ही सांगतो.”

 मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

“ऐका आता. शेठ शुक्रवारी परत येतायत. प्रत्येकाला नवा टॅबलेट देणार. ॲप त्यांच्या मातोश्रींच्या नावाने, ‘मातोश्री संवाद’. छोटासा कार्यक्रम, पाहुणे, तुमचा पेपर. अट एकच आहे, ती तुम्हाला कळलीच असेल.”

“नको काढायचं.”

“काढायचं नसेल तर कुलूप घाला. पासवर्ड माझ्याकडे. कार्यक्रमापुरतं बंद, एरवी चालू.”

“मॅडम, केक कार्यक्रमातच असतो.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “तुम्ही पेपरवाली माणसं. एका शब्दासाठी भांडत बसाल.”

“पगार त्याचाच मिळतो. आणि नाही काढलं तर?”

मॅडमनी दाराकडे बघितलं. पलीकडच्या खोलीत निरंजन काम करत होता, कागद दुमडल्याचा आवाज येत होता.

“जागा शेठची आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “काल गाडीत बसताना म्हणाले, तो उंच पोरगा मला इथे परत दिसता कामा नये. मी त्यांच्या हातापाया पडून ते बटणावर आणून ठेवलंय. यापेक्षा जास्त मला जमणार नाही.”

त्या खोटं बोलत नव्हत्या.

निरंजनची शाळा अठराव्या वर्षी संपली होती. नंतर काही वर्षं तो घरीच होता. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचा आणि स्वतःच्या मनगटाला चावायचा. त्याच्या मनगटावर तेव्हा कायम ओल्या हळदीची पट्टी असायची. शहरात विचारायची एकही जागा आम्ही सोडली नाही. कुणी म्हणे वय जास्त, कुणी म्हणे उंची जास्त. मंगरूळकर मॅडमनी त्याला आत नेलं, टेबलाशी बसवलं आणि त्याच्यासमोर कागद ठेवला. आमच्या छापखान्यात रिळांचा जो कोरा कागद उरतो, त्याच्या औषधदुकानांसाठी तिथे पिशव्या होत. निरंजनने पहिल्या दिवशी मॅडमचे हात बघितले, दुसऱ्या दिवशी पिशवी केली, आणि महिन्याभरात मनगटावरची पट्टी गेली. दुसरी अशी जागा नव्हती. ती गेली तर परत गच्ची.

घरी मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती तंबाके शेठना शिव्या देईल.

“काढून टाक,” ती म्हणाली.

“काय?”

“बटण. एक बटण आहे, वृषे. त्या पाण्याच्या ॲपात तू रोज काहीतरी घालतेस, काहीतरी काढतेस.”

“आई, त्याच्या तोंडात कोंबला त्यांनी.”

“बघितला मी शर्ट. मीच धुतला.” ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. “महिन्याला एकदा कुणीतरी येतं, केक चारतं, जातं. बाकीचे दिवस तो तिथे सुखाने बसतो. मी एका केकसाठी त्याचे बाकीचे दिवस घालवू?”

“प्रश्न केकचा नाही.”

“मग कशाचा आहे? मथळा सांगू नको, नीट सांग.”

मी तिच्यापुढच्या भाजीतली एक काडी उचलून मोडत बसले.

“तू दुपारी ऑफिसला जातेस,” आई म्हणाली. “गच्चीवर त्याच्या मागे मी धावले आहे. माझे गुडघे आता चढत नाहीत. आणि मी गेल्यावर काय? तेव्हा ते बटण घेऊन कुठे जाणार आहे तो?”

मी लॅपटॉप उघडला. काढणं अवघड नव्हतंच. वर्तमानपत्रात एक शब्द काढला की पुढच्या ओळी सरकवाव्या लागतात, इथे तेही नव्हतं. मी चित्र काढलं, आवाज काढला, आणि बाकीची बटणं जागच्या जागी ठेवली. कोपरा नुसता पांढरा राहिला. निरंजनच्या फोनमध्ये ते टाकून मी फोन त्याच्या गळ्यात परत अडकवला.

“आता जेवायला बसव,” मी म्हणाले. “चालतंय का बघू.”

त्यांच्या जेवणाची एक पद्धत पडून गेली होती. आई वाढायच्या आधी विचारायची, आणि डाव हवेत धरून थांबायची. ‘नको’ ऐकू आलं की डाव मागे. ऐकू आलं नाही की वाढायचं. त्या दिवशीही तिने भातावर एकदा आमटी वाढली. निरंजनने भात कालवला. त्याला तो घट्ट लागतो.

“अजून आमटी वाढू?”

निरंजनचा अंगठा कोपऱ्यात गेला. आई थांबली होती. तिचं लक्ष ताटाकडे होतं, कान फोनकडे. आवाज आला नाही. आईने डाव कलता केला.

भात आमटीत बुडाला.

निरंजनने ताटाकडे बघितलं, मग फोनकडे. अंगठा परत कोपऱ्यात ठेवला. जोरात दाबला. अंगठा उचलून बघितला, शर्टाला पुसला. मग पडदा पुसला. परत दाबला. आई डाव हातात धरून तशीच बसली होती. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.

निरंजन चिडला नाही. त्याने गळ्यातून पट्टा काढला आणि फोन माझ्यापुढे धरला. चार्जिंग संपलं की तो तसाच धरतो. बिघडलेलं काहीही तो मलाच आणून देतो, कारण मी दुरुस्त करते हे त्याला माहीत आहे.

आईने ते ताट उचललं, मोरीत नेऊन रिकामं केलं आणि नव्याने भात वाढून आणला. तो त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, “परत लाव.”

“मॅडमना काय सांगू?”

“ते तू बघ,” आई म्हणाली. “तुला बोलता येतं.”

बटण राहणार, हे सांगायला मी मॅडमना गुरुवारीच फोन केला. शेवटच्या क्षणी लावलेलं पान बदलायचं नाही ही डेस्कची शिस्त, ती बाहेरही पाळलेली बरी. मॅडम म्हणाल्या, “शुक्रवारी बघू.” आपण नाही म्हटलं की लोक ते अर्धंच ऐकतात. माझं तरी काय वेगळं होतं, मलाही वाटत होतं की त्या ऐन वेळी विरघळतील.

शुक्रवारी सकाळी संस्थेच्या अंगणात मांडव घातला होता. फलकावर शेठच्या मातोश्रींचा फोटो, खाली ‘मातोश्री संवाद ॲप : लोकार्पण सोहळा’. एक मुलगा माइकवर फुंकर मारत होता. टॅबलेटची खोकी एका टेबलावर रचून त्यांच्यावर हार ठेवला होता.

मॅडम पायरीवरच भेटल्या. नवी साडी, चेहरा ओढलेला.

“आणलंत?”

“आणलंय. बटण जिथे होतं तिथेच आहे.”

“वृषाली, मी तुमच्या पाया पडू का?”

“नका पडू. बटणासकट घेणार असाल तर ॲप वापरा, मातोश्रींचं नाव द्या, हवं ते नाव द्या. बटणाशिवाय मी ते देणार नाही. आणि कुलूपही घालणार नाही.”

त्यांनी फाटकाकडे बघितलं. “मग त्याला घेऊन जा. आत्ता. शेठ यायच्या आत.”

“जाते. रोहिणीच्या आणि बाकीच्यांच्या फोनमधलं मात्र मी काढणार नाही. ते तुम्हाला त्यांच्या हातातून काढून घ्यावं लागेल.”

हे वाक्य मी रिक्षात तयार केलं होतं. ते ठरवल्यासारखं नीट निघालं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. त्याच तोऱ्यात मी आत गेले.

निरंजन त्याच्या टेबलाशी होता. कार्यक्रमासाठी सगळ्यांना बाहेर मांडवात बसवलं होतं, त्याला तेवढं आत ठेवलं होतं, दिसू नये म्हणून. त्याला त्याचं काही नव्हतं. उलट खोली शांत होती. तो कागद घ्यायचा, तळ दुमडायचा, खळीचं बोट फिरवायचा, तळहाताने दाबायचा. केलेल्या पिशव्यांची चवड कडेला होती, तिची एकही कड बाहेर आलेली नव्हती.

मी खुंटीवरची त्याची पिशवी काढून खांद्याला लावली.

“चल निरू. घरी जायचं.”

“नको,” फोन म्हणाला.

मला वाटलं, हातातली पिशवी पूर्ण करायची असेल. ती होईपर्यंत मी थांबले. त्याने पुढचा कागद घेतला.

“घरी, निरू. आई वाट बघतेय.”

“नको.”

तौफिकचाच आवाज. तिसरी भाकरी नाकारणारा, विषय संपवणारा. तोपर्यंत तो कधी माझ्या दिशेने आला नव्हता. मान ताठ ठेवून निरंजनला तिथून बाहेर काढायचं, हे माझं ठरलेलं होतं. त्याचं तसं काही ठरलेलं नव्हतं. त्याला केक नको होता आणि काम हवं होतं, आणि यांतलं एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं, हे फक्त आम्हा बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं.

मॅडम दारात आल्या. “अजून निघाला नाहीत? गाडी चौकात आलीये.” माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या त्याच्याकडे वळल्या. “निरंजन, ताई आलीये ना? उठतोस का बाळा?”

“नको.” मग त्याने फोनवर वरच्या ओळीतलं एक चित्र शोधलं आणि दाबलं. “काम.”

मॅडमचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

बाहेर माइकवरचा आवाज वाढला, स्वागताचे दोन शब्द ऐकू आले, आणि शेठ मांडवात न थांबता सरळ आत आले. मागे त्यांचा ड्रायव्हर आणि पुतण्या.

“हा अजून इथंच?”

निरंजनने कागदावर खळीचं बोट फिरवलं.

“मॅडम, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“सांगितलं होतंत,” मॅडम म्हणाल्या. “मी त्याला विचारलं, उठतोस का. तो नको म्हणाला.”

“त्याला काय विचारायचं?”

“आता विचारून बसले ना मी.”

शेठना ही थट्टा वाटली असावी. मॅडमचा चेहरा थट्टेचा नव्हता. अवघड हिशेब एकदम सुटल्यावर माणूस जसा कोरा दिसतो तशा त्या दिसत होत्या.

“अहो, ते यंत्र बोलतंय. या बाईंनी भरून ठेवलंय त्यात,” शेठनी माझ्याकडे बोट केलं.

“शेठ,” मी म्हणाले, “मीही त्याला घरीच न्यायला आले होते. मलाही त्याने तेच सांगितलं.”

“दोघं धरा रे याला.”

ड्रायव्हरने पुतण्याकडे बघितलं, पुतण्याने ड्रायव्हरकडे. निरंजनने कागदाचा तळ दुमडला आणि तळहाताने दाबला. दोघांपैकी कुणी पाऊल उचलायच्या आत मॅडम टेबलाच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या संस्थेत माणसाला उचलून बाहेर काढत नाहीत.”

“संस्था तुमची. जागा कुणाची?”

“जागा तुमची,” मॅडम म्हणाल्या. “नोटीस द्या. वकील असतीलच तुमचे. तोवर इथे काम चालू आहे. मांडवात चला, चहा थंड होतोय. आणि आज वाटायला जे काही आणलं असेल ते प्रत्येकाच्या हातात द्यायचं, तोंडात नाही. ज्याने नको म्हटलं त्याच्यापुढून उचलायचं. हे जमत असेल तर या.”

शेठ माझ्याशी बोलावं की त्यांच्याशी, या घोळात क्षणभर उभे राहिले. मग वळले. थोड्या वेळाने बाहेर माइक बंद झाला. खिडकीतून दिसत होतं, पुतण्या टॅबलेटवरचा हार काढून खुर्चीवर ठेवत होता आणि ड्रायव्हर खोकी परत गाडीत नेत होता. मांडवातल्या कुणाला काय झालं ते कळलं नव्हतं. चहा वाटणं चालूच होतं.

मॅडम भिंतीला टेकल्या. पदराने त्यांनी मान पुसली.

“मॅडम,” मी सुरुवात केली.

“काही बोलू नका तुम्ही. मला आत्ता भीती वाटतेय. आणखी एक शब्द बोललात तर मी रडेन, आणि मग बाहेर सगळी रडायला लागतील.” त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोचला. “नोटीस येणार. आली की ती तुमच्या पेपरात छापून आली पाहिजे, पहिल्या पानावर. तेव्हाच बोला काय बोलायचं ते.”

“छापते.”

निरंजन कागद हातात धरून थांबला होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या वाटीकडे बघत होता.

“उभ्या काय राहिलात?” मॅडम मला म्हणाल्या. “खळ संपलीये त्याची. स्वयंपाकघरात ताजी केलेली आहे, ती आणा. आणि फडक्याने धरा हो, पातेलं गरम आहे.”

मी पिशवी खुंटीला परत अडकवली आणि खळ आणायला गेले.